मराठवाड्यातली जुनी शहरं फिरायचीत? मग आधी वार बघा

दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, दोन दिवसांत संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा, देवगिरी, पैठण सगळं होईल का म्हणून. होईल हो, पण गाडीच्या काचेतून. किमान पाच दिवस काढा (अजिंठ्याचा दिवस वेगळा धरा), आणि बुकिंगच्या आधी वार बघा, कारण वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. मी स्वतः पाव्हण्यांना घेऊन मंगळवारी वेरूळला गेलो होतो, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत, वरून घरी बोलणी खाल्ली ते वेगळंच.

पहिला दिवस देवगिरीला द्या, उघडता उघडता पोचा. यादवांची ही राजधानी, १३२७ मधे तुघलकानं दिल्लीहून दरबार हलवला तो इथंच. खंदक ओलांडला की अंधारी, म्हणजे किल्ल्याचा काळोखी भुयारी रस्ता, लागते, तिथं मोबाईलची बॅटरी चार्ज पाहिजे, वटवाघळांचा वास येतो त्याची तयारी ठेवा, आणि दहाच्या पुढं चढायला लागलात तर उन्हानं अर्ध्यातच जीव जातो. पाणी सोबत घ्या, पण खायचं हातात धरून फिरू नका, माकडं सोडत नाहीत. सीताफळाचा सीझन असेल तर उतरल्यावर रस्त्यावरच टोपलीवाल्यांकडून घ्या. दुपारून खुलताबाद, औरंगजेबाची साधी उघडी कबर आणि झोपलेला भद्रा मारुती एकाच गावात.

वेरूळला अख्खा दिवस. ३४ लेण्या आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन. सगळे गेटातून सरळ १६ नंबरला, कैलासला घुसतात, तुम्ही उलटं करा. कैलासचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर ऊन समोरून येतं. म्हणून सकाळी गाडीनं ३० ते ३४ जैन लेण्या, मग १० नंबर (छताला लाकडाच्या फासळ्या वाटतात, पण आहे सगळा दगड, म्हणून लोक सुताराची झोपडी म्हणतात), आणि कैलास शेवटी, निवांत.

संभाजीनगर शहरात बीबी का मकबरा संध्याकाळी, पाणचक्की जाता जाता. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खात असाल तर तो चुकवू नका.

पैठण साधारण पन्नास किलोमीटर. सातवाहनांचं प्रतिष्ठान ते हेच. संत एकनाथांचा वाडा, गोदाकाठची समाधी, मग पैठणी. घ्यायची नसली तरी हातमाग बघा, आणि घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघा, हातमागाचा पदर मागूनही तसाच दिसतो, मशीनच्या साडीला मागं धागे लोंबतात. दुकानदाराला काय वाटंल याचा विचार करायचा नाही, पैसे आपले.

उरलेले दोन दिवस लोक घरी जातात, तिथंच चुकतात. खाली धाराशिवकडं उतरा. तेरला गोरोबाकाकांचं मंदिर, विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर, आणि म्युझियम, एवढंसं गाव पण एकेकाळी इथला माल रोमपर्यंत जायचा. तेर करून तुळजापूरला मुक्काम करा, पहाटे भवानीचं दर्शन, मग नळदुर्ग. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहतात तेव्हा वरून पाणी आणि आत तुम्ही कोरडे. ऑगस्ट-सप्टेंबरमधे, चांगला पाऊस होऊन गेल्यावरच जा, आणि निघायच्या आधी पाणी वाहतंय का ते तुळजापुरात लॉजवाल्याला विचारून घ्या.