स्पेनच्या घळया आणि जंगलं पाहायला निघताय? या चुका टाळा

काइन हे स्पेनच्या उत्तरेतल्या लेओन प्रांतातलं डोंगरांच्या कुशीतलं छोटं गाव. कारेस नदीच्या घळईतून बारा किलोमीटर चालत आलेले लोक इथे पोहोचतात, थंड काहीतरी पितात आणि मग विचारतात, "पोन्सेबोसला परत जायला गाडी मिळेल का?" पायवाटेने बारा किलोमीटरवर असलेलं पोन्सेबोस रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, कारण मधे पिकोस दे एउरोपाचा अख्खा डोंगर आडवा आहे. हाच प्रश्न आम्हीही एका जुलैत विचारला होता. शेवटी आल्या वाटेने परत निघालो. पाणी संपत आलं होतं आणि पुढचे चार तास कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

सह्याद्रीत पायपीट केलेल्या माणसाला स्पेनमधल्या बहुतेक वाटा अंगबळाच्या दृष्टीने जड जात नाहीत. घोटाळा होतो तो तारखेत आणि घड्याळात. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा घर सोडण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, म्हणून त्या घरीच टाळता येतात.

कारेसची वाट: अंतर अर्धंच मोजणं

सगळीकडे "बारा किलोमीटर" असं लिहिलेलं असतं, ते एका बाजूचं. जाऊन-येऊन चोवीस होतात आणि त्याला सहा-सात तास सहज लागतात. वाट अवघड नाही. घळईतून वीजकेंद्रासाठी नेलेला पाण्याचा कालवा 1921 साली पूर्ण झाला आणि त्याच्या देखभालीसाठी 1945 ते 1950 च्या दरम्यान कड्यात ही वाट कोरली गेली. त्यामुळे बराचसा भाग सपाट आहे, पण बहुतेक ठिकाणी कठडा नाही आणि खाली सरळ दरी आहे. लहान मुलांचा हात सोडायची ही जागा नाही.

पोन्सेबोसकडून निघालात तर सुरुवातीलाच उघड्यावरचा चढ लागतो. दोन्ही गावांच्या मधे पिण्याच्या पाण्याची सोय नाही, म्हणून उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर पाणी निघतानाच भरून घ्यावं. पाऊस नुकताच पडून गेला असेल किंवा वर शेळ्या चरत असतील, तर दगड सुटतात. हेल्मेट घालून चालणारे लोक दिसले तर बुजू नका, ते बरोबर करतायत.

वेळ कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काइनकडून सुरू करा. सगळ्यात अरुंद घळई, कड्यातले ठिबकणारे बोगदे आणि दोन पूल त्याच टोकाला आहेत. दीड तास आत जाऊन परत फिरलात तरी या वाटेचं उत्तम ते पाहून होतं. दोन गाड्या असतील तर एकेक गाडी दोन्ही टोकांना लावून मधे गाड्यांच्या चाव्यांची अदलाबदल करणारे गटही असतात, पण चालकांनी त्याआधी नकाशा नीट पाहिलेला बरा.

दुपारचं ऊन टळलं असं समजणं

आपल्याकडे बारा ते तीन सावलीत बसलं की ऊन चुकवलं. स्पेनमध्ये हे गणित फसतं. हा देश स्वतःच्या रेखांशाच्या मानाने घड्याळ बराच पुढे ठेवतो, उन्हाळ्यात तर आणखी एक तास पुढे. त्यामुळे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला आणि सगळ्यात कडक ताप चार ते सातमध्ये असतो. आंदालुसिया किंवा एस्त्रेमादुरातल्या एखाद्या घळईत "आता चार वाजले, निघूया" म्हणून उतरलात तर भट्टीत उतराल. उजाडताच निघावं आणि एकच्या आत परतावं.

याची दुसरी बाजूही आहे. आस्तुरियासमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. वेळ भरपूर आहे असं वाटत राहतं आणि घळईच्या तळाशी मात्र त्याच्या कितीतरी आधी अंधारून येतं.

ऐनवेळी तिकीट मिळेल असं धरून चालणं

मालागा प्रांतातला कामिनितो देल रेय, म्हणजे गायतानेस घळईच्या कड्याला टांगलेली अरुंद वाट. 1901 ते 1905 मध्ये ती जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधली गेली, 1921 मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो तिथे आला आणि तिला "राजाची वाट" हे नाव मिळालं. पुढे ती मोडकळीला आली, अपघातांत माणसं दगावली, वाट बंद झाली आणि दुरुस्त होऊन 2015 मध्ये पुन्हा उघडली. आता वेळेचं तिकीट लागतं आणि हंगामात ते आठवडेच्या आठवडे आधी संपतं.

तिकीट हातात असूनही लोक चुकतात. तिकिटावरची वेळ ही आतल्या तपासणी चौकीवरची असते. बसथांब्यापासून तिथवर एका बोगद्याच्या वाटेने दीड आणि दुसऱ्या वाटेने 2.7 किलोमीटर चालावं लागतं, म्हणजे अर्धा-पाऊण तास आधी पोहोचायला हवं. वाट एकाच दिशेने चालायची असते: आर्दालेसच्या बाजूने आत, एल चोर्रोला बाहेर. गाडी एका टोकाला राहते आणि दोन्ही टोकांमधली बस धरावी लागते. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे मूल लहानखुरं असेल तर वयाचा पुरावा म्हणून त्याचा पासपोर्ट जवळ ठेवा. वारा किंवा पाऊस जोराचा असेल तर वाट बंद होते, म्हणून सहलीचा अगदी शेवटचा दिवस तिच्यासाठी ठेवू नये.

आरागोनमधल्या ओर्देसा दरीची गोष्ट वेगळी. तिथे तिकीट लागत नाही, पण उन्हाळ्यात खासगी गाडी आत नेता येत नाही. तोर्ला गावात गाडी लावून बसने जायचं. दरीत एका वेळी जास्तीत जास्त 1800 माणसं असावीत अशी मर्यादा आहे, तेव्हा सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ वहीत लिहून ठेवा. कातालुन्या-आरागोन सीमेवरच्या मोंत-रेबेई घळईत पार्किंगचीच जागा आधी राखून ठेवावी लागते. माद्रिदच्या उत्तरेला मोन्तेहोचं बीच वृक्षांचं रान आहे, जागतिक वारसा यादीत गेलेलं. तिथे आगाऊ नोंदणी करून वाटाड्यासोबतच फिरता येतं.

वाट बंद का आहे हे न विचारणं

सेगोव्हियाजवळ दुरातोन नदीने चुनखडीत खोल वळणं कोरली आहेत आणि त्या कड्यांवर ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत आहे. 1 जानेवारी ते 31 जुलै या काळात राखीव पट्ट्यात फिरायला परवानगी लागते. अनेकांना हा निव्वळ कागदी जाच वाटतो. पण या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही हिवाळ्यात, आणि पिल्लू उडायला उन्हाळा उजाडतो. कड्याखाली कल्ला झाला, ड्रोन उडला किंवा कोणी कपारीजवळ चढलं, की आई-बाप घरटं सोडतात आणि त्या जोडीचं वर्ष वाया जातं. आपल्याकडे गिधाडं डोळ्यांदेखत नाहीशी झाली. निदान आपण तरी ही बंदी मनापासून पाळावी असं मला वाटतं. सान फ्रुतोसच्या जुन्या मठाकडे जाणाऱ्या वाटेवरून गिधाडं जवळून दिसतात, अनेकदा आपल्या पायांखालून तरंगत जातात. त्यासाठी राखीव पट्ट्यात घुसायची गरजच नाही.

दक्षिणेत ग्रासालेमाच्या डोंगरात पिन्सापो हा जगात फार थोड्या जागी उरलेला देवदारासारखा वृक्ष आहे. तिथल्या काही वाटांना परवाना लागतो आणि आगीच्या हंगामात त्या बंद किंवा मर्यादित होतात. आंदालुसियात हा हंगाम साधारण 1 जून ते 15 ऑक्टोबर. 2025 च्या ऑगस्टमध्ये वायव्य स्पेनमध्ये वणव्यांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना चहासाठी पेटवलेली छोटी चूलही खपत नाही. गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरनेही गवत पेटतं.

इराती हे नाबार्रातलं सुमारे 17,000 हेक्टरचं बीच आणि फरचं जंगल. लोक ते ऑगस्टमध्ये पाहून "छान हिरवं आहे" म्हणून परततात. रंग पाहायचे असतील तर ऑक्टोबरची अखेर गाठा, फक्त 1 नोव्हेंबरच्या सुट्टीला जोडून येणारे दिवस टाळा. एरवी शांत असलेल्या त्या रानात तेव्हा गाड्यांची रांग लागते.

सकाळचं निरभ्र आकाश पाहून निर्धास्त होणं

पावसाचा आपला अनुभव मोसमी आहे: जूनमध्ये येतो, सांगून येतो. पिरेनीजमध्ये ऑगस्टची सकाळ लख्ख असते आणि तीन-चार वाजता वीज कडाडते. पाऊस तुमच्या डोक्यावर पडेलच असं नाही. तो वरच्या कड्यांवर पडतो आणि लोंढा अरुंद घळईत तुमच्यापर्यंत येतो. 7 ऑगस्ट 1996 रोजी उएस्का प्रांतात बिएस्कासजवळ आरास ओढ्याला असाच लोंढा आला. ओढ्याच्या तोंडाशी, त्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर तंबूंची छावणी होती. त्यात 87 माणसं गेली.

तेव्हा आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा एमेट या सरकारी हवामान संस्थेचा अंदाज पाहा. "तोर्मेंता" म्हणजे गडगडाटी वादळ, हा शब्द दिसला तर घळईत उतरू नका. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंचावर चढा. धरणाखालच्या नद्यांच्या काठी इशाऱ्याचे फलक असतात. तिथे आकाश कोरडं असतानाही सोडलेलं पाणी येतं.

वाट चुकली तर

स्पेनमध्ये खुणा नीट रंगवलेल्या असतात. पांढरा-लाल पट्टा लांब पल्ल्याच्या वाटेचा, पांढरा-पिवळा मधल्या, पांढरा-हिरवा छोट्या स्थानिक वाटेचा. त्याच रंगांची फुली दिसली तर ती दिशा चुकीची. पंधरा-वीस मिनिटं एकही खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. घळईत फोनला रेंज नसते, म्हणून राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या ॲपमधला नकाशा मुक्कामावरच उतरवून घ्या. आपत्कालीन क्रमांक 112.

वाटेत मेंढ्यांचा कळप लागला तर त्याच्यासोबतचे मास्तिन कुत्रे तुमच्याकडे येतील. प्रचंड आकाराचे हे कुत्रे लांडग्यांपासून कळप राखतात. पळू नका, काठी उगारू नका, कळपाच्या मधून तर जाऊच नका. लांबून शांतपणे वळसा घाला. आणि कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या.

गावाचं घड्याळ न पाहणं

खेड्यातलं दुकान दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतं ते पाचपर्यंत, रविवारी बहुधा उघडतच नाही. जेवण दीड ते साडेतीन, रात्री नऊनंतर. साडेपाचला भुकेने व्याकूळ होऊन आलात तर फार तर कॉफी आणि ब्रेड मिळेल. बस दिवसातून एक-दोन असतात. वेळापत्रकात "लेक्तिव्होस" लिहिलं असेल तर ती बस फक्त शाळेच्या दिवशी धावते. भाड्याने गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी भारतातूनच काढून न्या.

शाकाहारी मंडळींनी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. अनेक ठिकाणी हामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, मांसात धरलंच जात नाही आणि "मिश्र सॅलड"मध्ये टूना मासा असतो. "नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन" असं तिन्हीची नावं घेऊन सांगा. बटाट्याची तोर्तिया बहुतेक गावांत मिळते, पण तिच्यात अंडं असतं. अंडंही चालत नसेल तर टोमॅटो चोळलेला ब्रेड, चीज, ऑलिव्ह आणि फळं आदल्या संध्याकाळीच, दुकान उघडं असताना घेऊन ठेवा.