सोनोग्राफीत मायक्रोलिथियासिस आलंय? आधी हे करा

रिपोर्टमध्ये टेस्टिक्युलर मायक्रोलिथियासिस दिसलं की पोरं लोकलमध्ये उभ्या उभ्या गूगल करतात आणि दादर यायच्या आत आपल्याला कॅन्सर झालाय असं धरून बसतात, प्लीज असं करू नका. मायक्रोलिथियासिस म्हणजे अंडकोषात कॅल्शियमचे बारीक कण असतात, 3 मिलिमीटरपेक्षा लहान, ते सोनोग्राफीत पांढरे चमकतात, दुखत नाहीत आणि त्यांना औषधही लागत नाही.

रिपोर्ट घेऊन युरोलॉजिस्टकडे (लघवीच्या आणि अंडकोषाच्या तक्रारींचे डॉक्टर) जा, मुंबईत केईएम, सायन, नायर कुठल्याही हॉस्पिटलात चालेल. जायच्या आधी आईला विचारा, लाजू नका, लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता का, त्याचं ऑपरेशन झालेलं का, आणि वडिलांना किंवा भावाला अंडकोषाचा कॅन्सर झालेला का. एक अंडकोष खूप लहान वाटत असेल तर तेही सांगा. यातलं काही असेल तर युरोपियन गाइडलाइननुसार वयाच्या 55 पर्यंत दरवर्षी सोनोग्राफी करतात, काहीच नसेल तर नुसत्या कणांसाठी दरवर्षी पैसे घालवायची गरज नाही, बायोप्सी तर नाहीच.

महिन्यातून एकदा मात्र गरम पाण्याने अंघोळ झाली की अंगठा आणि बोटांच्या मध्ये एकेक अंडकोष हलकेच फिरवून बघा. मागे मऊ दोरीसारखं लागतं ते नॉर्मल आहे. कडक गाठ लागली, सूज किंवा जडपणा वाटला तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा, हा कॅन्सर तरुण वयातच जास्त होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.