आधी फेरीबोट, मग केर: शनिवार-रविवार घरच्यांसाठी मोकळा कसा करावा

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका रविवारी आमच्या मुलीने सकाळी आठ वाजताच सँडल घातले होते. इथे गोव्यात नदीकाठच्या नार्व्याला जायचे आणि तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचे, असे आदल्या रात्री ठरले होते. मी म्हटले, एवढ्या खिडक्या पुसते, मग निघू. खिडक्या झाल्यावर गज दिसले, गजांनंतर पंखा दिसला आणि पंख्याची धूळ खाली पडली म्हणून लादी पुन्हा पुसावी लागली. साडेबारा वाजले, ऊन चढले, मासे अजून तळायचे होते. जाणे राहून गेले. ती काही बोलली नाही, फक्त एकदा विचारले, “आई, केर संपला का?”

रात्री तिचा फ्रॉक भिजत घालताना खिशात हात गेला. आत पावाचे चार तुकडे होते, वाळून कडक झालेले. पदेर, म्हणजे आमचा पाववाला, येऊन गेल्याबरोबर तिने ते नदीतल्या माशांसाठी भरून ठेवले होते.

त्यानंतर मी आमच्या घरचा शनिवार-रविवार नव्याने बसवला. त्याला दोन-तीन महिने लागले. काय जमले आणि कशाने जमले, ते सांगते.

घर कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही, हे आधी मान्य करा

गोव्यात तर ते होतच नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर, पेटीच्या भात्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. दसरा झाला की जमीन सुकते आणि तांबडी माती उडायला लागते. आमच्या डिचोलीकडे, साखळीकडे खनिजाचे ट्रक ज्यांच्या दारावरून गेलेत, त्यांना ही धूळ मी वेगळी सांगायला नको. सकाळी पुसलेली लादी संध्याकाळी पायाखाली कचकचते. किनाऱ्यावरच्या घरांत खारे वारे गज खातात.

म्हणजे ‘एकदा घर नीट आवरते आणि मग जाऊ’ यातले ‘एकदा’ कधी येत नाही. म्हणून किती आवरायचे ते आपण ठरवायचे.

कामे वेगळी काढा: कोणती टळत नाहीत, कोणती थांबतात

एक कागद घ्या आणि आठवड्याच्या सुटीत करता ती सगळी सफाई लिहून काढा. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे या रविवारी केले नाही तर घरात कोणी आजारी पडेल का?

ज्यांचे उत्तर ‘हो’ आहे ती कामे मी कधीच सोडत नाही. स्वयंपाकाचा ओटा, संडास, मोरी, ओला कचरा. माशांची खवले-आतडी रात्रभर परसात पडू देऊ नका. उंदीर येतात आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप पसरतो. ओले कपडे घडी करून कपाटात कोंबू नका, बुरशीचे मूळ तिथेच असते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे साठलेले पाणी. डेंग्यूचा डास स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकणे पुरते, पण ते चुकवायचे नाही. हे काम आम्ही मुलांना दिले आहे. शनिवारी सकाळी दोघे घराभोवती एक फेरी मारतात: माडाखालच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, जुना टायर, व्हरांड्यावर घातलेल्या पावसाळी प्लास्टिकच्या खोलगट जागा. जिथे वळवळणाऱ्या अळ्या सापडतील तिथे ओरडून सगळ्यांना बोलवायचे. दहा मिनिटांचे काम आहे आणि मुलांना ते खेळासारखे वाटते.

उत्तर ‘नाही’ असेल ती कामे थांबू शकतात. खिडक्यांचे गज, पंखे, शोकेस, कपाटातल्या घड्या, तांब्या-पितळेचा लखलखाट. महिन्यातून एकदा एक घ्या. वर्षातून एकदा चवथीपूर्वी, म्हणजे गणेशचतुर्थीपूर्वी, सारे घर निघतेच. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी भिंतीवरचे एक जाळेसुद्धा राहू नये असे मलाही वाटते, आणि ते दोन रविवार मी आनंदाने सफाईला देते. पण चवथीची सफाई दर आठवड्याला करायची नसते.

राहिली ती लोकांच्या नजरेसाठीची सफाई. यावर माझा उपाय साधा आहे. व्हरांडा आणि त्याला लागून असलेली बाहेरची खोली, एवढी एकच जागा नेहमी बसण्याजोगी ठेवायची. अचानक कोणी आले तर तिथे बसवायचे, पाणी-गूळ किंवा चहा द्यायचा. आतल्या खोलीत कपड्यांचा ढीग असला तर असू दे.

सफाईला घड्याळ लावा

आमच्याकडे शनिवारी आठ ते दहा. दहा वाजले की हातातला फडका खाली, काम अर्धे असले तरी. पहिले काही शनिवार हे मला फार जड गेले. अर्धी पुसलेली खोली डोळ्यांना टोचते. पण वेळ मोजून दिला की आधी काय करायचे ते आपोआप कळते. मी आता खिडकीऐवजी मोरीपासून सुरू करते.

बाकीचे आठवडाभर पंधरा-पंधरा मिनिटांत. सोमवारी संडास-मोरी, बुधवारी फ्रिज, असे तुमच्या घराला जमेल तसे. बाजार शनिवारवर ठेवू नका. म्हापशाचा बाजार शुक्रवारी भरतो. त्या बाजूला राहत असाल तर आठवड्याची भाजी तेव्हाच घरात येऊ द्या.

आणि काम सगळ्यांचे असू दे. ‘तुला मदत करतो’ हे वाक्य आमच्या घरातून मी हलकेच काढून टाकायला लावले, कारण त्यात काम माझेच आहे हे गृहीत धरलेले असते. आता कपडे वाळत घालणे आणि घड्या करणे यांच्याकडे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उठबस होत नाही, त्या बसून भाजी निवडतात आणि सुका कचरा वेगळा करतात. पाच-सहा वर्षांचे मूल चपला जोडीने लावू शकते, दहा वर्षांचे आपल्या खोलीचा केर काढू शकते. कोपऱ्यात केर राहिला तर त्याच्या मागोमाग आपण पुन्हा झाडू घेऊन जायचे नाही. हे पाळणे अवघड आहे, पण आपण मागून झाडत गेलो तर पुढच्या वेळी मूल झाडू हातात घेत नाही.

रविवारचे स्वयंपाकघर हलके करा

गोव्यात रविवारची सकाळ मासळीत जाते. बाजारात जाणे, साफ करणे, वाटण, हुमण, तळलेले तुकडे, आणि जेवायला दीड. घराच्या केराइतकाच हाही वेळ खातो. आम्ही मासे शनिवारी दुपारवर आणले. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत तर ताजी मासळी तशीही कमी आणि महाग, तेव्हा हा बदल सुरू करायला पावसाळा बरा.

रविवारी सकाळी पदेराकडून उंडे (गोल पाव) घ्यायचे, रात्री करून ठेवलेली पातळभाजी गरम करायची, नाश्ता झाला. डब्यात पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, केळी, थर्मासमध्ये सोलकढी. टोप्या, पंचा, एक जादा कपड्यांचा जोड, ओडोमॉस आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी शनिवारी रात्रीच दाराशी.

कुठे जायचे ते हातातल्या वेळेवर ठरवा

दोन तास असतील तर लांब जाऊ नका. आम्ही संध्याकाळी मयेच्या तळ्यावर जातो. कधी हरवळ्याला, जिथे धबधबा, शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि जवळच पांडवांची म्हणून ओळखली जाणारी लेणी आहेत. पावसाळ्यात धबधबा लांबूनच पाहा. पाण्यात उतरू नका, समुद्रातही नाही. लाल बावटा लावलेला असतो तो उगाच नाही.

अर्धा दिवस असेल तर माझी पहिली पसंती नार्वे. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याचा शिलालेख तिथे आहे, मुलांना दाखवा. मग फेरीबोट. आमची मुलगी अगदी पुढे कठड्याला धरून उभी राहते, कारण धक्क्याला लागताना पुढचे लोखंडी फळकूट साखळ्यांवरून खडखडत खाली येते ते तिला पाहायचे असते. पावाचे तुकडे आता आठवणीने नेतो. दिवाडीत शेतांमधल्या रस्त्याने चालायचे, आणि वेळ असेल तर पलीकडच्या फेरीने जुन्या गोव्यात उतरायचे.

तिसवाडीत राहणाऱ्यांना चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य जवळ पडेल, मात्र भल्या सकाळी जायला हवे. अख्खा दिवस असला तर तांबडी सुर्ला, कदंबकालीन महादेवाच्या काळ्या दगडी देवळासाठी आणि वाटेतल्या रानासाठी. बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, रविवारी उघडे.

हिवाळ्यात गावोगावच्या जत्रा येतात. रात्रीचे मराठी नाटक, खाज्याची पुडी, आणि मांडीवर झोपलेले मूल. दुसऱ्या दिवशी सगळे उशिरा उठतील, उठू द्या.

पाऊस कोसळत असेल तर बाहेर जायलाच हवे असे नाही. व्हरांड्यात कॅरम मांडा, पागोळ्यांखाली भांडी लावून कोणते आधी भरते ते पाहा, फणसाचे गरे तळा. लादी ओली होईल. ती वाळते.

परत आल्यावर

इथेच बरेचजण पुन्हा अडकतात, कारण वाळू आणि चिखल घरात आला की सफाई पुन्हा सुरू. त्यासाठी निघण्यापूर्वीच पायरीजवळ पाण्याची झाकलेली बादली, तांब्या आणि जुने गोणपाट ठेवा. सगळ्यांनी बाहेरच पाय धुवायचे. ओले कपडे थेट दोरीवर, डबे भिजत. तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत एवढेच. बाकी राहिलेले सोमवारच्या पंधरा मिनिटांत.

टोप्यांची पिशवी मात्र रिकामी करून कपाटात ठेवू नका. पंचा तेवढा बदला आणि ती पुन्हा दाराशी टांगून ठेवा.