कोणत्या ग्रुपवरून ऑर्डर आली?
गिरगावातील आमच्या घरगुती फराळाच्या संकेतस्थळाला समाजमाध्यमांवरून पुष्कळ लोक भेट देतात, पण ऑर्डर नेमकी कोठून आली हे कळत नसे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली बरीच मंडळी, संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘डायरेक्ट’ (म्हणजे कोठून आले ते माहीत नाही) या सदरात जमा होतात.

उपाय फुकटचा आहे. गुगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ या लिंकला खुणेचे नाव जोडून देणाऱ्या पानावर संकेतस्थळाचा पत्ता टाकून ‘सोर्स’च्या (कोठून आले त्याच्या) रकान्यात प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे नाव लिहावे (आम्ही सोसायटीचा आणि शाळेचा ग्रुपही वेगळा काढला) आणि तयार झालेली लिंक त्या-त्या ठिकाणीच द्यावी. महिन्याने अ‍ॅनालिटिक्समध्ये त्या-त्या नावाखाली नुसत्या भेटी न मोजता चकलीच्या दराच्या पानापर्यंत किती जण पोहोचले ते पाहावे.

नाव मात्र दर वेळी तंतोतंत तसेच लिहावे. इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी अ‍ॅनालिटिक्स ती दोन निराळी ठिकाणे धरते.