हायड्रॉक्सीयुरिया आणि त्वचा : या चुका टाळा

पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होणे), इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया (प्लेटलेट्स वाढणे) किंवा सिकलसेल अशा जुनाट रक्तविकारांत हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिचे त्वचेवरील परिणाम इतक्या सावकाश उमटतात की त्यांचा औषधाशी असलेला संबंध पुष्कळदा लक्षातच येत नाही.

नखांवर उभ्या काळपट रेषा आल्या, त्वचा कोरडी किंवा सावळी झाली म्हणून कॅप्सूल परस्पर बंद करू नये. हे बदल बहुधा निरुपद्रवी असतात. उलट औषध थांबल्यास पॉलिसायथेमियात रक्त पुन्हा दाट होऊन गुठळीचा धोका वाढतो आणि सिकलसेलमध्ये वेदनेचे झटके परततात. मात्र एकाच नखावरील रेषा रुंदावत असेल किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक घोट्याजवळच्या जखमेबाबत होते. किरकोळ खरचटल्याचे निमित्त होते, जखम लहानच दिसते, पण तिच्या आकाराच्या मानाने ठणका फार असतो आणि महिनोन्महिने मलमपट्टी करूनही ती भरत नाही. मग ती मधुमेहाची किंवा फुगलेल्या शिरांची समजली जाते, हळद लावून होते, प्रतिजैविके घेऊन होतात. आणि डॉक्टरांना रक्तदाबाची, साखरेची गोळी आठवणीने सांगणारा रुग्ण नेमकी हीच कॅप्सूल सांगायची विसरतो. अशी जखम अनेकदा औषध थांबवल्यावरच भरते, तीही हळूहळू. ते थांबवायचे की इंटरफेरॉन, अ‍ॅनाग्रेलाइड यांसारखा दुसरा पर्याय निवडायचा, हे रक्तविकारतज्ज्ञांनीच ठरवावे. सिकलसेलमध्ये तर आजारामुळेही घोट्यावर व्रण होतात, त्यामुळे गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या, सिकलसेल अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांतील रुग्णाच्या बाबतीत सरसकट औषधाला दोष देणेही चुकीचेच ठरेल.

तोंडात वारंवार येणारे व्रणही या औषधामुळे असू शकतात; ते केवळ ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नयेत.

दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांनी चेहरा, कान व हातांच्या पाठीवरील खरखरीत, खपली धरणारे चट्टेही वयाच्या माथी मारू नयेत, कारण या औषधाने उन्हाच्या माऱ्यातील त्वचेवर कर्करोगाचा धोका वाढतो. सावळ्या त्वचेला तो कमी असला तरी टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन यांना पर्याय नाही. औषध बदलून रक्सोलिटिनिब सुरू झाले तरी त्वचेची नियमित तपासणी चालूच ठेवावी, कारण त्याच्यासोबतही हा धोका नोंदलेला आहे.