हातातलं लाइट मीटर घ्यायला निघण्याआधी

आधी सेल बघा. फोटो काढण्याआधी उजेड मोजायचं हे मीटर दिसायला कितीही देखणं असो, त्याला कुठला सेल लागतो आणि तो आज मिळतो का, हे विचारल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि फिल्मचा अख्खा रोल काळपट आला. गॉसेन लुना-प्रोसारखी जुनी कॅडमियम सल्फाइडवाली (उजेड ओळखणारा भाग त्याचा असतो) मीटरं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायची. ते सेल आता बंद झालेत. बेळगावच्या खडेबाजारात कुणीही त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसवून देईल आणि सुई मस्त हलेल. हलते म्हणून भुलू नका! व्होल्ट जास्त, म्हणून सुई जास्त चढते, मीटरला उजेड जास्त वाटतो. शिवाय अल्कलाइन उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज वेगळी. कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल व्होल्टच्या बाबतीत त्यातल्या त्यात जवळचा. तो सैल बसतो, भोवती रिंग घालावी लागते. स्टिकर काढला की काही आठवड्यांत संपतो.

सेलची कटकटच नको तर सेलेनियमचं घ्या, ते उजेडावरच चालतं: वेस्टन किंवा सेकॉनिक एल-३९८. पण सेलेनियम वयाने थकतं. लख्ख उन्हात मीटरवर आयएसओ १०० (फिल्मचा वेग) ला १/१२५ सेकंद शटर आणि एफ १६ (लेन्सचं छिद्र) च्या आसपास यायला हवं. मग सावलीत नेऊन ओळखीच्या मीटरशी ताडून बघा, थकलेलं तिथे उघडं पडतं. ही परीक्षा आषाढात खानापूरकडे घेऊ नका, ऊनच मिळणार नाही. बजेट असेल तर सरळ सेकॉनिकचंच एल-३०८: एक पेन्सिल सेल, निपाणीच्या स्टँडवरही मिळेल.

मीटरच्या डोळ्यावर बसणारा पांढरा घुमट आहे ना, हेही बघा. नुसतं मीटर वस्तूवरून परतणारा उजेड मोजतं आणि सगळंच करडं धरून चालतं. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या (जैन मंदिराच्या) काळ्या दगडावर नुसतं मीटर रोखलं तर दगड करडा येतो. पांढऱ्या धोतर-टोपीतल्या आजोबांवर रोखलं तर तेही करडे. घुमट लावून, आजोबांच्या चेहऱ्याजवळ धरून, घुमटाचं तोंड कॅमेऱ्याकडे करून मोजा, म्हणजे पडणारा उजेड मोजला जातो. बऱ्याच जुन्या मीटरांचा घुमट हरवलेला असतो.

बाकी पटापट. सेलच्या कप्प्यात हिरवा गंज नको. काच न तडकलेली. उजेड झाकला की सुई शून्यावर. तबकडीवरचे आकडे चष्म्याशिवाय वाचता यावेत. दोरी मजबूत. आणि सेल, तिथल्या तिथे घालून बघा.