एक्सीडमधून ॲक्सेसमध्ये येताना हरवलेला प्रकल्प

अमेरिकेतल्या संशोधकांना महासंगणकांवर वेळ मिळवून देणारा एक्सीड कार्यक्रम ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संपला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी ॲक्सेस सुरू झाला. माझी चूक पहिल्याच पायरीवर झाली. मी दुसऱ्या ईमेलवर नवा ॲक्सेस आयडी काढला, आत गेले, तर प्रकल्पांची यादी कोरी! सिम्युलेशनचं दोन वर्षांचं काम डोळ्यांसमोर आलं आणि पोटात गोळा आला.

खरं तर एक्सीडचं जुनं युजरनेमच ॲक्सेस आयडी म्हणून चालत होतं. त्याने लॉगिन केल्यावर प्रकल्प जागच्या जागी दिसला. दोन खाती ठेवू नका. मी मदतकक्षाकडे तिकीट (मदतीची विनंती) टाकून ती एकत्र करून घेतली.

तरीही जॉब, म्हणजे महासंगणकाला दिलेलं काम, चालेना. जॉब रांगेत लावणारा प्रोग्राम स्लर्म पुन्हा पुन्हा 'इनव्हॅलिड अकाउंट' म्हणत होता. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ॲक्सेसमध्ये मंजुरी क्रेडिट्समध्ये मिळते आणि क्रेडिट्स म्हणजे यंत्रावरचे तास नव्हेत. ज्या यंत्रावर काम करायचं, त्याच्यासाठी ती आधी बदलून घ्यावी लागतात, आणि दर यंत्रागणिक वेगळा. ही अदलाबदल मंजूर झाली, स्क्रिप्टमधल्या अकाउंटच्या ओळीत नवा कोड घातला आणि रांगेत 'पीडी'च्या (थांबलेला) जागी 'आर' (चालू) उमटला!

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एक्सप्लोर या सर्वांत लहान मंजुरीच्या स्तरावर स्वतःच्या नावाने अर्ज करावा. मार्गदर्शकांचं पत्र मात्र आधीच मागून ठेवा.